दुखाची आवणी

दाभोसा,
कार्तिक वद्य ३, शके १८३५

नवसू,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी लिहीन. तोवर राग उतरला तर.

तुझ्या शेठचं छापील पुस्तक काल इथं पोचलं. जव्हारच्या मोठ्या मास्तरांनी ते ढवळूआजाच्या हाती दिलं आणि सांगितलं, "राहीला दे, तिच्या पाड्याविषयी छापून आलंय." आपल्या पाड्याविषयी आजवर कुणी काही छापलं नव्हतं. वाघानं दोन म्हशी नेल्या त्या वर्षीही नाही. आम्ही खळ्यावर नागली झोडत होतो. सगळी म्हणाली, मोठ्यानं वाच. मी पदर खोचून वाचायला बसले. माझा भाऊ मुंबईत ज्याच्या पेढीवर आहे त्या शेठचं पुस्तक म्हणून थोडी मिरवतही होते. ते आता लिहायलाही लाज वाटते.

पुस्तकाचं नाव "जव्हार येथे कारखाना काढू इच्छिणाऱ्या धनिकांस उपयुक्त माहिती". आधी साग किती ते लिहिलंय. मग पाणी, मग हवा थंड आहे हे. आणि हवेच्या नंतर आम्ही. तुला ते पाठ असेल, तरी इथं उतरवते, म्हणजे एकदा माझ्या अक्षरात वाचशील:

"परंतु या ठिकाणचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे येथील मजूर होय. तो अल्पसंतुष्ट, आज्ञाधारक व गानप्रिय आहे. गेल्या आषाढात दाभोसा गावी आम्ही समक्ष पाहिले की, साठ स्त्रीपुरुषांनी भर पावसात चार दिवसांचे काम एका दिवसात गात गात उरकले. देखरेखीस कोणी नव्हते. मजुरी कोणी मागितली नाही. जेवणही ज्याने त्याने घरूनच आणले होते."

हौशीनं विचारलं, गानप्रिय म्हणजे काय. मी सांगितलं, गाणं आवडणारा. ती म्हणाली, "मंग आमी गावाचा न् शेठनी ऐकाचा, आसा का?" सगळी हसली. तुला हौशी माहीत आहे, तिला कुणी छापलं तरी ती गप्प बसायची नाही.

ढवळूआजा तेवढा हसला नाही. म्हणाला, "राही, ही कुठली आवणी गं? साठ माणसां, एका दिसात?"

मी म्हटलं, "माझी."

 मग नागली झोडायचं काम तसंच राहिलं.

तुला सांगायची गरज नसावी, पण मुंबईत राहून विसरला असशील म्हणून लिहिते. घरातला कर्ता माणूस गेला की पहिल्या पावसात त्या घरची आवणी पाडा करतो. घरटी निघतील तितकी माणसं येतात. सगळं भात त्याच दिवशी लावून व्हावं लागतं, कारण दुखाचं शेत अर्धं टाकून कुणी घरी जात नाही. त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही, म्हणून भाकर ज्यानं त्यानं कमरेला बांधून आणायची. गाणी म्हणायची ती गेलेल्या माणसाला ऐकू जावीत म्हणून. त्याला कळावं की शेत पडून राहिलं नाही, आता त्यानं खुशाल जावं. हिला आपण दुखाची आवणी म्हणतो. तुझे दाजी वैशाखात गेले. आषाढात पाडा माझ्या शेतात उतरला. त्या दिवशी मजुरी मागायला हवी होती का रे कुणी?

आणि रोपांची पहिली मूठ बायकोच्या भावानं लावायची असते, पाण्याच्या तोंडाशी, वरच्या कोपऱ्यात. माझा भाऊ त्या दिवशी दाभोशातच होता. तो बांधावर उभा होता आणि शेठच्या डोक्यावर छत्री धरून होता. ढवळूआजा तुझ्याऐवजी मूठ लावायला निघाला, तर मीच त्याला अडवलं. बाकी शेत लावून झालं. तेवढा एक कोपरा रिकामा राहिला, तो अजून रिकामाच आहे.

शेठला सांग, ते पान पुस्तकातून काढून टाका. तुला सांगायला तोंड नसेल तर माझं हे पत्र वाचून दाखव.

राग उतरला नाही.

राही


दाभोसा,
पौष शुद्ध ११, शके १८३५

नवसू,

की आता नवसूराव लिहू? तुझ्या पाकिटावर मागच्या बाजूला तसंच लिहिलेलं आहे. मी मास्तरांना विचारलं, हे राव कोण, तर ते चष्मा पुसत बसले.

तुझं म्हणणं असं की पुस्तकात आपली स्तुती आहे आणि मी उगाच डोक्यात राख घालून घेते. आज्ञाधारक हा चांगला शब्द आहे. ते पुस्तक वाचून दोन शेठ जव्हारला जागा बघून गेले, तुझ्या शेठनं तर वाफेची करवतच आणवली, आता घाटाच्या वाटेनं गाड्यांवरून एकेक चाक वर येतंय. आपल्या माणसांना बारा महिने काम मिळेल. आणि हे सगळं तुझ्या एका शब्दावर झालं, कारण शेठला जव्हार दाखवलंस ते तू.

असेल. नाही म्हणत नाही. काम कुणाला नको आहे? पौषापर्यंत भात खाऊन होतं, फाल्गुनात नागलीही तळाला जाते, मग सगळा पाडा लाकडं तोडायला जातोच की. करवत जव्हारला आली तर पायपीट वाचेल. मी कारखान्यावर रागावलेली नाही, हे नीट वाच. तू माझी प्रत्येक गोष्ट अडाण्याचा हट्ट म्हणून घेतोस.

पण तुझ्या पत्राचं दुसरं पान मी दोनदा वाचलं. दाभोशातून साठ माणसं हवीत. तीच साठ, शेठनं समक्ष पाहिलेली. वर्षाच्या करारावर अंगठे द्यायचे. आणि ते अंगठे मी मिळवून द्यायचे, कारण "बाय, तुझा शब्द पाडा मोडत नाही". त्याबद्दल मला बायकांची मुकादमीण करणार आणि जव्हारला विटांच्या भिंतींची, कौलांची एक खोली देणार.

तुझं पत्र मी चुलीत घातलं.

तू पाच वर्षांचा होतास आणि मी नऊ. बा जव्हारच्या शाळेत शिपाई होता म्हणून तुला शाळेत घेतलं, पण तू माझ्याशिवाय बसायचा नाहीस, भोकाड पसरायचास. शेवटी मोठे मास्तर म्हणाले, बहिणीला दाराशी बसू दे, पण वर्ग तर चालू दे. म्हणून मी दाराशी बसले आणि तुला जे शिकवलं ते मला आधी आलं. रात्री तुझा हात धरून मीच तुझ्याकडून अक्षरं गिरवून घेतली. तुझा "क्ष" अजून उजवीकडे कलंडतो, तो माझ्यामुळे, कारण माझाही कलंडायचा. आता तुला वाटतं की त्याच शिकलेल्या बहिणीचा उपयोग अंगठे मिळवायला होईल.

पान काढलं का पुस्तकातलं? त्याचं उत्तर तुझ्या चार पानांत कुठेच नाही.

राही


दाभोसा,
फाल्गुन वद्य ६, शके १८३५

नवसू,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. तुझं पत्र चुलीत घातलं नव्हतं. ते तांदळाच्या कणगीत ठेवलं होतं, आणि होळीच्या आधी ते पदरात बांधून मी जव्हारला गेले. बाजाराला जाते म्हणून सांगितलं. हौशीलाही खरं सांगितलं नाही.

खोली बघितली. तुझ्या कारखान्यातल्या माणसानं कुलूप काढून दाखवली. भिंती सरळ आहेत. खिडकी आहे, आणि खिडकीतून विहीर दिसते, म्हणजे पाण्याला नदीपर्यंत उतरायला नको. मी त्या खोलीत जरा वेळ उभी राहिले आणि मला रडू आलं. तुझे दाजी गेल्यापासून घराची एक बाजू खचलीय, ती नीट करायला माझ्याच्यानं होत नाही. त्या खोलीत मला काहीच नीट करावं लागलं नसतं. तो माणूस म्हणाला, "मग बाई, साठ माणसांचं नक्की ना?"

मी "बघते" म्हणाले.

नाही म्हणाले नाही, नवसू. हे तुला कळायला हवं. तुझ्यावर जे दगड मारते त्यातला एक माझ्याही वाटणीचा आहे.

बाहेर आले तर करवतीपाशी तिघे पाहुणे उभे होते, कोट घातलेले, आणि एकाच्या हातात तेच पुस्तक. बोट ठेवून तो वाचत होता आणि मध्येच वर बघून आमच्या लोकांकडे बघत होता, बैलबाजारात दात बघतात तसा. करवतीचा पाया खणायला पलीकडच्या पाड्यातली माणसं लावली होती. ती बिचारी आपल्या चालीनं खणत होती. तो पाहुणा म्हणाला, हे तर गात नाहीत. दुसरा म्हणाला, फार सावकाश चाललंय, पुस्तकात तर असं नाही. मग पहिल्यानं मला हाक मारली आणि विचारलं, "क्यों बाई, गाना आता है?"

मला हिंदुस्थानी समजत नाही असं मी दाखवलं. खाली बघून पुढे निघाले.

वाटेत सगळा वेळ मला माझी आवणी दिसत होती. ढवळूआजाचे गुडघे धड वाकत नाहीत, तरी तो दिवसभर पाण्यात उभा होता. हौशी चार दिवसांची ओली बाळंतीण होती, तिला सासूनं घरी बस म्हटलं, तर ती इरलं घेऊन बांधावर आली आणि नुसती गाणी म्हणत बसली, कारण चिखलात उतरायची तिला बंदी होती. शेठनं तिचंही डोकं मोजलं असणार. ती साठांतली एक. तुझ्या खोलीची एकेक वीट मला अशी दिसायला लागली आणि घाट उतरेपर्यंत माझं "बघते" मी मनातल्या मनात मागे घेतलं.

म्हणून आता लिहिते. मला खोली नको. मुकादमीण व्हायचं नाही. अंगठे मी मागणार नाही. कुणाला द्यायचे असतील तर त्यांना करार वाचून दाखवीन, एकही ओळ न गाळता, आणि मग त्यांचं त्यांनी ठरवावं.

करार इकडे पाठव. की तोही मी वाचू नये अशी तुझी इच्छा आहे?

राही


दाभोसा,
वैशाख शुद्ध ८, शके १८३६

नवसू,

करार तू पाठवला नाहीस, पण शेठचा मुनीम स्वतः घेऊन आला. काय झालं ते तुला त्याच्या तोंडून कळेल, त्याआधी माझ्याकडून कळू दे.

तो परवा सकाळी आला. मोहाच्या झाडाखाली घोंगडी टाकून बसला, शाईची गादी उघडून ठेवली. सगळा पाडा जमला. करार त्यानं वाचून दाखवला, पण असा की रोज इतके आणे, काम सकाळी इतक्या वाजता, भोंगा झाला की सुट्टी, आणि पान उलटून म्हणाला, "बाकी सरकारी भाषा आहे, या आता एकेक." पाच-सहा जण उठलेही. हौशीचा नवरा सगळ्यांत पुढे.

मी म्हटलं, "कागद माझ्याकडे द्या."

मुनीम हसला. "तूच का नवसूरावांची बहीण? ते म्हणालेच होते, इथं एक बाई वाचते." आणि त्यानं कागद दिला. त्याला वाटलं मी त्याच्याच बाजूची.

पहिली ओळ वाचायच्याही आधी मी अक्षर ओळखलं. उजवीकडे कलंडलेला "क्ष" होता. करार तू लिहिलास. मुंबईत त्या पेढीवर इतके कारकून असतील, पण हा तुझ्या हातचा होता.

मी उलटलेलं पान वाचलं. सावकाश वाचलं, मास्तर वाचायचे तसं. "करार बारा महिन्यांचा, ज्येष्ठ ते वैशाख. या मुदतीत मजुरास कोणत्याही कारणाने काम सोडून जाता येणार नाही. आवणी, कापणी, लग्न, आजार अथवा घरातील मृत्यू ही कारणे धरली जाणार नाहीत."

मग तेच मी आपल्या बोलीत सांगितलं. शेवटचं कारण मी दोनदा सांगितलं. हौशीचा नवरा उभा होता तिथंच खाली बसला.

हे अक्षर कुणाचं आहे ते मी कुणाला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. त्याबद्दल आभार मानू नकोस, ते मी तुझ्यासाठी केलं नाही. बाची लाज राखली.

मुनीम गडबडला. म्हणाला, एवढं काय घाबरता, ही नुसती लिहायची पद्धत आहे. शेठचा तुमच्यावर लोभ आहे. त्यांनी स्वतः पाहिलंय तुमचं काम, साठ माणसं, एक दिवस, मजुरी नाही, भाकर घरची. त्या कामावर खूश होऊनच ते इथं कारखाना काढतायत. आता तर वर रोजचे पैसे देतायत. तसंच काम करायचं, आणखी काय?

तेव्हा ढवळूआजा उठला. तो उठायला किती वेळ लावतो तुला माहीत आहे, आधी काठी, मग एक गुडघा, मग दुसरा. मुनीम थांबून राहिला. ढवळूआजानं विचारलं, "शेठच्या घरी कोण मेला?"

मुनीम म्हणाला, "म्हणजे?"

"नाय, इचारतूं. शेठची बायको मेली का? भाऊस मेला? पोर? कोण मेला तां सांगा. आमी येऊं. साठ माणसां येऊं, भाकर बांधून येऊं. एका दिसात काम उरकूं, गाणीं म्हणूं. तुमचा पैसा घेणार नाय. पर घरात कोणी मेल्याबिगर तां काम होत नाय, मुनीमजी. रोज रोज कोण मरल शेठच्या घरी?"

कुणी हसलं नाही, नवसू. आजा थट्टा करत नव्हता. तो खरंच विचारत होता.

मुनीमानं मला विचारलं, हा म्हातारा काय बोलतोय. मी त्याला सगळं सांगितलं. पुस्तकातलं ते शेत माझं, तो दिवस माझ्या घरच्या दुखाचा. तो माझ्या कुंकवाविना कपाळाकडे बघत राहिला. मग त्यानं शाईची गादी बंद केली. तो वाईट माणूस नाही. जाताना एवढंच म्हणाला, "हे नवसूरावांनी सांगायला हवं होतं."

तो उठत होता तेव्हा मी त्याला आमचंही म्हणणं सांगितलं. ते त्यानं खिशातल्या वहीत उतरवून घेतलं. दिवाळीपासून वैशाखातल्या आखाजीपर्यंत आम्ही येऊ. आपल्या चालीनं काम करू, सावकाश पण चोख. रोजचे पैसे रोज हातात. मृग जवळ आला की घरी. पाड्यात कुणी गेलं तर दोन दिवस कामावर कुणीही नाही, आणि त्या दिवसांचे पैसे आम्ही मागणार नाही. अंगठा कुणी देणार नाही, शब्द देऊ. शब्द पुरत नसेल तर शेठनं दुसरीकडे बघावं.

आता तुझं काय होईल ते मला माहीत नाही. काळजी वाटते. ती वाटते म्हणून मी काही मागे घेणार नाही.

राही


दाभोसा,
आषाढ शुद्ध १३, शके १८३६

नवसू,

तुझं पत्र मिळालं. एकच पान, आणि पाकिटावर राव नाही.

शेठनं तुला पेढीवरून काढलं. तू लिहितोस, बहिणीनंच नाक कापलं. मी गप्प बसले असते तर आज तू कारखान्याचा मॅनेजर झाला असतास. आणि शेवटी लिहितोस की त्या दिवशी तू काय करणार होतास, शेठ बरोबर होता, त्याला एवढं सगळं कसं समजावणार, तुला वेळच मिळाला नाही.

वेळ मिळाला होता.

हे मी वर्षभर लिहिलं नाही. पाच वेळा लिहायला घेतलं. आता तूच काढलंस म्हणून लिहिते. त्या दिवशी मी बांधाच्या अगदी खाली होते, तुझ्या पायांपासून चार हातांवर. इरल्याखाली वाकलेली होते म्हणून तुला वाटलं ऐकू येत नाही. शेठनं तुला विचारलं, "ये लोग क्या लेता है?" तू म्हणालास, "कुछ नहीं लेता, शेठ." मला बरं वाटलं रे. मला वाटलं, आता सांगशील. मग त्यानं विचारलं, "खाना?" तू म्हणालास, "अपना लाता है." आणि मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. मला ते दिसलं नाही, पण छत्रीचं पाणी माझ्या पाठीवर पडलं, म्हणजे छत्री माझ्याकडे कलली. "किसका खेत है ये? इस बाई का?"

आणि तू म्हणालास, "मालूम नहीं."

माझ्या हातात आवणाची जुडी होती. ती मी लावली. पुढचीही लावली. संध्याकाळपर्यंत लावत राहिले. हौशीनं विचारलं, बाय, रडतेस का, तर म्हटलं, आजचा दिवस रडायचाच आहे. तुझे दाजी गेले त्याचं रडणं पाड्याला दिसलं. दुसरं कुणाला दिसलं नाही.

तेव्हा नाक कापलं म्हणू नकोस. ज्याला बहिणीचं शेत माहीत नाही, त्याचं नाक मी कशी कापणार?

बरं. आता इकडची खबर.

मुनीम मृगाच्या आधी परत आला होता. आमचं म्हणणं शेठनं मान्य केलं, पण पुरतं नाही. दिवाळी ते आखाजी कबूल. पैसे रोजचे रोज नाहीत, आठवड्याला. पाड्यात कुणी गेलं तर एक दिवस, दोन नाहीत. अंगठा नाही. आम्ही बसून ठरवलं आणि हो म्हटलं. माणसं मात्र साठ नाहीत, चाळीस जाणार. हौशीचा नवरा जाणार, त्याला करवत बघायची फार हौस आहे.

नदीपलीकडच्या पाड्यात वाचणारं कुणी नव्हतं. त्यांनी चैत्रातच अंगठे दिले. त्यांची एकवीस माणसं आत्ता, भर आषाढात, करवतीपाशी अडकलीत. आवणाची रोपं राबाच्या वाफ्यात वाढून पिवळी पडायला लागली होती आणि घरी नुसत्या म्हाताऱ्या आणि पोरं. ढवळूआजा परवा तिकडे बघून आला आणि काठी ठेवायच्या आधीच म्हणाला, "माणूस जिता हाय पर घरात नाय. दुखच तां." काल आम्ही सगळी नदी ओलांडून गेलो. भाकर बांधून. चोवीस खाचरं होती, एका दिवसात झाली. गाणी जरा मोठ्यानं म्हटली, जव्हारपर्यंत जाणार नाहीत हे माहीत असूनही. बांधावर कुणी नव्हतं, त्यामुळे हे कुठल्या पुस्तकात यायचं नाही. आणि मोठ्या मास्तरांना मी निरोप धाडलाय. आषाढ सरला की मी त्या पाड्यात जाऊन वाचायला शिकवणार, दोघींना तरी. पुढच्या कागदाला तिथं कुणीतरी हवं.

माझंही शेत लावून झालं. वरचा कोपरा सोडून. पाण्याच्या तोंडाशी दोन हात जागा आहे, गेल्या वर्षीसारखीच. पाड्यातली माणसं येता-जाता बघतात. त्या कोपऱ्यापुरतं आवण मी राबात ठेवलंय. ते अजून आठ दिवस टिकेल, फार तर दहा. मला तुझी वाट बघता येते, आवणाला येत नाही. दहा दिवसांनी ती मूठ मीच लावीन आणि पुन्हा तुला त्याबद्दल लिहिणार नाही.

इथं नोकरी नाही. पेढी नाही. घराची एक बाजू खचलेली आहे, ती उचलायला माणूस हवा. नागली आहे, आंबील आहे. पाड्यात तुला कुणी राव म्हणणार नाही, आणि पहिले काही दिवस ढवळूआजा तुझ्याशी बोलणार नाही, ते सोस.

छत्री आणू नकोस. तुझ्या दाजींचं इरलं छपरात खोचलेलं आहे, पानं मी नवी घातलीत.

आशीर्वाद पत्रातून पाठवत नाही. चिखलात उतर, मूठ लाव, मग डोक्यावर हात ठेवीन, हात चिखलाचा असला तरी.

आणि बांधावरून कुणी विचारलं, हे शेत कुणाचं, तर काय सांगायचं ते वाटेत ठरवून ये.

तुझी
बाय